हायब्रिड गाडी तापली, दिवे पेटले: आधी काय बघायचं, नंतर काय

मे महिन्यातली दुपार होती. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाच्या दुसऱ्या वळणावर एक पांढरी हायब्रिड एसयूव्ही बोनेट उघडून उभी. मालक घामाघूम. म्हणाले, "दोन बाटल्या पानी वतलं दादा, तरीबी त्योच मेसेज." डॅशबोर्डवर ‘हायब्रिड सिस्टिम ओव्हरहीटेड’ असं झळकत होतं. स्कॅनर लावला तर इंजिन ८८ अंशांवर, म्हणजे ठणठणीत. तापला होता इन्व्हर्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा डबा. त्याचं कूलंट वेगळं, टाकी वेगळी, पंप वेगळा. त्या छोट्या इलेक्ट्रिक पंपाच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, हिरवा गंज चढून पंप बंद पडला होता. मालकांनी मात्र दोन्ही बाटल्या इंजिनाच्या टाकीत रिकाम्या केल्या होत्या. पंपाच्या एका कामाची दोन कामं झाली, कारण आता इंजिनाचं पातळ झालेलं कूलंटही काढून बदलावं लागलं.

असं दर उन्हाळ्यात होतं. चूक बहुतेक वेळा हाताची नसते, क्रमाची असते. हायब्रिडमध्ये तापणं आणि इलेक्ट्रिकचा बिघाड हे बऱ्याचदा एकाच दुखण्याचे दोन चेहरे असतात. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. एखादा टप्पा अगदीच साधा वाटला तरी तो टाळून पुढे जाऊ नका.

आधी हे ठरवा: गाडी कुठल्या जातीची?

‘हायब्रिड’ हा बिल्ला दोन फार वेगळ्या गाड्यांवर लागतो. एर्टिगा किंवा ब्रेझाची स्मार्ट हायब्रिड ही सौम्य जात. तिच्यात पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर असतो आणि ती नुसत्या मोटरवर चालत नाही. तिची तपासणी जवळपास साध्या पेट्रोल गाडीसारखी करायची. ग्रँड विटारा आणि हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड, इनोव्हा हायक्रॉसची हायब्रिड, होंडा सिटी ई-एचईव्ही या दुसऱ्या जातीच्या. त्या इंजिन बंद ठेवून आवाज न करता चालतात, डॅशबोर्डवर ‘रेडी’ची खूण येते आणि बोनेटखाली जाड नारिंगी वायरी दिसतात. हा लेख या दुसऱ्या जातीसाठी आहे.

या गाडीत थंड ठेवायच्या तीन वेगळ्या व्यवस्था असतात. इंजिनाचं कूलंट ही पहिली. इन्व्हर्टर आणि मोटरचं कूलंट ही दुसरी, बहुतेक मॉडेलांत टाकीसह वेगळी. तिसरी मोठ्या बॅटरीची. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती केबिनमधली हवा ओढून घेणाऱ्या पंख्यावर चालते. गाडी तापली म्हणजे या तिघांपैकी कोण तापलं, हा पहिला प्रश्न. गाडीच्या पुस्तकात दोन्ही टाक्यांची जागा दाखवलेली असते. ती आज, घरी, सावलीत बघून ठेवा. घाटात शोधायला जाऊ नका.

वॉरंटीचंही आताच बघा. टोयोटा, मारुती आणि होंडा, तिघांच्याही स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. गाडी त्यात बसत असेल तर टप्पा ३ पर्यंतच स्वतः करा, बाकी नोंदी घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

तयारी

फार काही लागत नाही. बरा डिजिटल मल्टीमीटर, बॅटरी (उजेडाची), लेझर ठिपक्याचा तापमापक, वही, मोबाइलचा कॅमेरा आणि हायब्रिडचे कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेल्या बिघाडाच्या खुणा, वाचणारा स्कॅनर. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, पण मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टरकडे तो बहुतेक वेळा बघतच नाही. "स्कॅन केलं, काहीच आलं नाही" असं सांगत येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा घोटाळा इथेच असतो.

लेझरच्या तापमापकाचा एक दुर्गुण लक्षात ठेवा. चकचकीत धातूवर मारला तर तो बराच कमी आकडा दाखवतो. रबरी होजवर, म्हणजे कूलंटच्या नळीवर मारा, नाहीतर धातूवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मारा.

> सावध: ‘रेडी’ची खूण असताना इंजिन बंद दिसलं तरी ते कुठल्याही क्षणी आपोआप सुरू होतं. बोनेटखाली हात घालण्याआधी गाडी पूर्ण बंद करा आणि चावी खिशात न ठेवता पाच-सहा मीटर लांब नेऊन ठेवा. टाय, ओढणी, गळ्यातली साखळी काढून ठेवा.

> सावध: नारिंगी वायर, नारिंगी कपलर आणि त्यावरचं झाकण यांना हात लावायचा नाही. मोठ्या बॅटरीचा दाब हायरायडर किंवा सिटीसारख्या गाडीत पावणेदोनशे व्होल्टच्या आसपास असतो, आणि टोयोटाच्या पद्धतीत इन्व्हर्टर तो आणखी बराच वर नेतो. गाडी बंद केली तरी इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते. मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढून दहा मिनिटं थांबणं, १००० व्होल्टचे तपासलेले हातमोजे घालणं हे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं काम. या लेखातलं एकही पाऊल नारिंगी वायरीपलीकडे जात नाही.

टप्पा १: रस्त्यावरची पहिली दहा मिनिटं

जुन्या गाडीत आपण एसी बंद करून, इंजिन तसंच चालू ठेवून गाडीला ‘हवा खाऊ’ द्यायचो. ते इथे विसरा. इंजिन चालू ठेवायचं की नाही, हे हायब्रिडमध्ये तुमच्या हातात नाही, कॉम्प्युटरच्या हातात आहे.

१. सुरक्षित जागी गाडी घ्या. खंबाटकीत किंवा पसरणीत वळणावर थांबू नका, शक्य असेल तर थोडं पुढे जाऊन रुंद जागा बघा. पार्किंग ब्रेक लावा, धोक्याचे दिवे लावा.

२. एसी बंद करा. गाडी बंद करण्याआधी डॅशबोर्डचा फोटो काढा, सगळे दिवे आणि मेसेज दिसतील असा. काही मेसेज गाडी बंद केली की जातात, पुन्हा येत नाहीत.

३. गाडी पूर्ण बंद करा. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बोनेट उघडू नका.

४. वहीत चार गोष्टी लिहा: चढ होता की सपाट, एसी किती होता, किती माणसं आणि सामान, आणि मेसेज येण्याआधी एसीची हवा गरम झाली होती का. चौथी गोष्ट जवळपास कुणी सांगत नाही, पण पुढे ती फार कामाला येते.

> सावध: गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. समुद्रसपाटीपासून साताऱ्याच्या उंचीवर उघडं पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरात ९५ च्या आसपास. झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून हा बिंदू वीसेक अंशांनी वर जातो. झाकण सैल केलं की दाब जातो, आणि आत शांत असलेलं कूलंट त्याच क्षणी उकळून तुमच्या तोंडावर येतं. वरच्या होजवर हात सहज ठेवता आला, तरच झाकणाला हात.

गाडी उचलून न्यायची वेळ आली तर टोचन करून पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढू नका. पुढची चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करू लागते. सपाट पाटीची गाडी बोलवा. चार पैसे जास्त जातील, जाऊ देत.

टप्पा २: कोड लिहा, पुसू नका

स्कॅनर लावला की लोकांचा हात आधी ‘क्लिअर’ बटणाकडे जातो. दिवा गेला, गाडी ‘बरी’ झाली. बॅटरीची वायर काढून पाच मिनिटं ठेवणं हाही त्याच जातीचा उपाय. दोन्हींत एक गोष्ट कायमची जाते: बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, बॅटरीत चार्ज किती होता, ही कोडसोबत साठवलेली नोंद. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. येतो-जातो अशा बिघाडात तीच एकमेव साक्षीदार असते.

इंजिन, हायब्रिड कंट्रोल, बॅटरी, ब्रेक, एसी असे सगळे कॉम्प्युटर एकेक करून वाचा आणि कोड जसेच्या तसे लिहा. मग त्यांची रास लावा:

- पी०२१७: इंजिन खरोखर तापलं. पी०१२८: थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) उघडा राहिल्याचा संशय. पी०११७, पी०११८: तापमान दाखवणाऱ्या सेन्सरची वायर किंवा सेन्सर. इंजिन गार असूनही सुई वर, याचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं.
- पी०ए९३: इन्व्हर्टरच्या कूलंटची व्यवस्था नीट चालत नाही. आधी पंप आणि कूलंट, इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी.
- पी०ए८०: मोठी बॅटरी बदला, असा या कोडचा अर्थ. पण हा कोड दिसला की लगेच बॅटरीचा भाव विचारू नका. हवेचा पंखा आणि जाळी बघेपर्यंत त्याला अंतिम निकाल मानायचं कारण नाही.
- पी०एए६: मोठ्या दाबाची वीज कुठेतरी बॉडीकडे झिरपते आहे. टप्पा ६ बघा, स्वतः काही उघडू नका.
- ‘यू’ने सुरू होणारे कोड, तेही एकदम सात-आठ: कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत. सगळे कॉम्प्युटर एकाच दिवशी खराब होत नाहीत. टप्पा ३ कडे जा.

टप्पा ३: १२ व्होल्टची बॅटरी, सगळ्यात आधी

हा टप्पा लोक टाळतात आणि मग महिनाभर फिरतात. "एवढी मोठी बॅटरी असताना ती छोटी काय करणार?" असं मला एका शिकलेल्या माणसाने विचारलं होतं. छोटी बॅटरी सगळे कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, ओढते. तिच्यात जोर नसेल तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. आणि अर्धवट जोर असेल तर आणखी वाईट: ब्रेकचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, हायब्रिडचा दिवा, पंप कधी चालतो कधी नाही, असा सगळा गोंधळ.

जुन्या गाडीत बॅटरी कमजोर झाली की सेल्फ कण्हतो आणि आपल्याला कळतं. या गाडीत तसा सेल्फच नसतो. इंजिन मोठ्या बॅटरीवरच्या मोटरने फिरतं. म्हणून बॅटरी मरत चालल्याची आगाऊ खबर कानाला लागत नाही.

१. बॅटरी कुठे आहे ते बघा. काही मॉडेलांत ती डिकीत असते, आणि बोनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये लाल टोपी असलेलं जोडाचं टोक दिलेलं असतं.

२. गाडी निदान तीन-चार तास बंद राहिल्यावर मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी ती बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा, पुढचं काहीही मोजू नका.

३. गाडी ‘रेडी’त घेऊन पुन्हा मोजा. साधारण १३.५ ते १४.५ यायला हवेत. या गाडीत अल्टरनेटर नाही. मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून छोटीला चार्ज करणारा कन्व्हर्टर असतो. ‘रेडी’त आकडा १२.५ वरच अडून राहिला तर दोष छोट्या बॅटरीचा नसून कन्व्हर्टरच्या बाजूचा, बहुधा मोठ्या फ्यूजचा. त्या फ्यूजचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून जंप देताना उलटी लावलेली वायर.

४. व्होल्ट बरे दिसले तरी भार टाकून चाचणी करा. साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपासच्या बॅटरीवाल्यांकडे भाराची चाचणी करायचं यंत्र असतं. चार वर्षं झालेली बॅटरी भाराशिवाय १२.५ दाखवते आणि भार पडताच बसते.

५. आता अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला गेलेली वायर. गाडी ‘रेडी’त, दिवे आणि पंखा चालू. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगचा बोल्ट सोडून, घासून, पुन्हा कसा. पावसाळ्यानंतर तर हे हमखास करा.

> तपासा: बॅटरी भरली, अर्थिंग घासलं. आता जुने कोड लिहिलेले आहेत ना, मग ते पुसा आणि गाडी दोन दिवस चालवा. बरेचसे दिवे इथेच परत येत नाहीत.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर आधी सवयी बघा. लग्नात गाडी दारात उभी, दारं उघडी, गाणी चालू, पण ‘रेडी’ नाही, म्हणजे सगळा भार छोट्या बॅटरीवर. पोरगा पुण्याला आणि गाडी तीन आठवडे अंगणात, हेही तसंच. दोष सवयींचा नसेल तर गाडी बंद करून, बोनेट उघडं ठेवून, अर्धा-पाऊण तास थांबा, म्हणजे सगळे कॉम्प्युटर झोपतात. मग वायरीभोवती चिमट्यासारख्या लागणाऱ्या डीसी क्लॅम्प मीटरने निगेटिव्ह वायरीतला प्रवाह बघा. ५० मिलीअँपियरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून बघा, कुठल्या फ्यूजने आकडा खाली येतो.

जंप देताना पॉझिटिव्ह लाल टोपीवर, निगेटिव्ह बॅटरीपासून लांब बॉडीच्या धातूवर. आणि तुमच्या हायब्रिडवरून दुसऱ्याचा डिझेल ट्रॅक्टर सुरू करून द्यायला जाऊ नका, शेजारी कितीही चांगला असला तरी.

टप्पा ४: कोण तापलं?

१२ व्होल्ट ठणठणीत झाल्यावरच इथे या. गाडी रात्रभर गार होऊ द्या.

*इंजिन*

टाकीतली पातळी गार असताना बघा. कमी असेल तर गळती शोधा, नुसतं भरून मोकळे होऊ नका. बोअरचं पाणी तर मुळीच नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलंच कूलंट घ्या. टोयोटाचं गुलाबी आणि होंडाचं निळं बहुधा तयार मिसळलेलं येतं, त्यात पुन्हा पाणी घालायचं नसतं. रंग सारखा दिसला म्हणून दुसऱ्या कंपनीचं ओतायचं नाही.

आता रेडिएटरचा चेहरा. आपल्या भागात हा वेगळा विषय आहे. ऊसतोडीच्या दिवसांत कोरेगाव किंवा कराडच्या रस्त्याला तुम्ही उसाच्या ट्रॉलीमागे तास-तास चालता. पाचटाचे तुकडे, धूळ आणि कारखान्याजवळचा भुसा एसीच्या कंडेन्सरला आणि त्याच्या मागच्या रेडिएटरला जाऊन चिकटतो. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, घाण दोघांच्या मध्ये अडकलेली असते. वरची प्लास्टिकची पट्टी काढून उजेडाच्या बॅटरीने मधल्या फटीत बघा. मी एकदा अशा फटीतून हाताच्या पंजाएवढा पाचटाचा थर एका तुकड्यात काढला आहे, वाळलेल्या चपातीसारखा. साफ करायला मऊ ब्रश आणि नळाचं साधं पाणी, आतून बाहेरच्या दिशेने. प्रेशर वॉशरने पाती वाकतात, आणि पाणी जिथे जायला नको त्या कपलरमध्ये जातं.

मग एसी पूर्ण थंडावर लावून पंखा फिरतो का बघा. हळू फिरला तरी चालेल, बऱ्याच गाड्यांत त्याचा वेग कॉम्प्युटर ठरवतो. अजिबात न फिरल्यास टप्पा ५.

इंजिन तापवायचं आणि स्कॅनरवर आकडा बघत राहायचं. साधारण ८५ ते १०० च्या मध्ये असला तर बरं. हायब्रिडमध्ये इंजिन मधूनमधून बंद होतं म्हणून आकडा ६०-७० पर्यंत खाली येतो, त्याला घाबरू नका. ११० च्या वर सरकू लागला तर चाचणी थांबवा. आकडा ९५ झाला, वरचा होज कडक गरम, पण रेडिएटरचा खालचा होज गारच: थर्मोस्टॅट अडकला, किंवा पंप पाणी फिरवत नाही. अनेक हायब्रिड इंजिनांचा वॉटर पंपही पट्ट्यावर नसून इलेक्ट्रिक असतो. म्हणजे "पट्टा बघितला, ठीक आहे" हे इथे उत्तर नाही.

सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होताना दहा-पंधरा सेकंद थरथरतं, मग शांत होतं, आणि कूलंट महिन्याला थोडंथोडं कमी होतं पण खाली थेंब नाही. ही जोडी दिसली तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग) किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत घेतलेला धूर गार करणारा भाग) यांचा संशय घ्या. कूलंटच्या टाकीवर निळ्या द्रवाची चाचणी लावली की तो पिवळा पडतो, म्हणजे धूर पाण्यात येतो आहे. अशी गाडी चालवत राहू नका.

*इन्व्हर्टर*

टप्पा १ मधली चौथी नोंद आठवा. मोठ्या बॅटरीवर चालणारा एसीचा कॉम्प्रेसर आखडता घेतला गेला, एसीची हवा गरम झाली, गाडीचा जोर गेला, पण इंजिनाचा आकडा ९० च आहे: संशय इन्व्हर्टरवर.

त्याच्या टाकीतली पातळी बघा. गाडी ‘रेडी’त घेतल्यावर काही मॉडेलांत टाकीत पाणी हललेलं दिसतं. दिसत नसेल तर पंपाच्या प्लास्टिकच्या अंगावर कोरडी लाकडी काठी टेकवून दुसरं टोक कानाजवळ धरा, बारीक गुणगुण ऐकू येते. गुणगुण आहे, पण होजच्या दोन टोकांत तापमानाचा मोठा फरक: आत हवा अडकली आहे, किंवा कूलंट गाळाने घट्ट झालं आहे. गुणगुण नाही: टप्पा ५. स्कॅनरवर इन्व्हर्टरच्या कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त असणं नेहमीचं. ते सारखं चढतच राहिलं तर दोष पक्का.

*मोठी बॅटरी*

हवा ओढायची जाळी मागच्या किंवा पुढच्या सीटजवळ असते, मॉडेलप्रमाणे. तिथे आधी हात लावून बघा. सीटवर टाकलेली चादर, लेकराचा फुगलेला स्वेटर, गणपतीच्या सजावटीचं खोकं: जाळी बुजवायला एवढं पुरतं. काही गाड्यांत आत बारीक फिल्टर असतो. तो काढा, झटका, मऊ ब्रशने साफ करा, वाळवून परत बसवा. कुत्रं गाडीत फिरत असेल तर दर तीन महिन्यांनी. बॅटरीचं तापमान ४५-५० च्या पुढे गेलं की कॉम्प्युटर चार्ज घेणं-देणं आखडतो, म्हणून गाडी ढिली वाटते आणि इंजिन सतत चालतं. हा दोष इंजिनाचा समजून प्लग बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

टप्पा ५: पंखा किंवा पंप फिरत नाही

लोक इथे नवा पंप आणतात, बसवतात, आणि तोही फिरत नाही. सुटा भाग विकत घेण्याआधी पाच गोष्टी याच क्रमाने बघा.

१. फ्यूज. नुसता डोळ्यांनी नको, मल्टीमीटरने दोन्ही टोकांवर व्होल्ट बघा. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपियरचा घाला. पुन्हा गेला तर वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. जास्त अँपियरचा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

२. रिले. शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून बघा. दोन्हींवर एकच नंबर छापलेला असेल तरच.

३. कपलर. काढा, आत बघा. हिरवट किंवा पांढरी भुकटी, सैल पडलेली टोकं, आत पाणी.

४. कपलरवर पुरवठा आणि अर्थिंग. जाड वायरीवर १२ व्होल्टच्या आसपास येतात का, आणि अर्थिंगच्या वायरीवर फरक ०.१ च्या आत आहे का. हे भार चालू असताना मोजा. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी बिनभाराचा मीटर खुशाल १२ दाखवतो.

५. हे सगळं बरं असेल तर स्कॅनरवरून पंखा किंवा पंप चालवायचा हुकूम द्या. हुकूम पोचतो, पुरवठा आहे, तरी फिरत नाही: आता नवा भाग आणा.

> सावध: बारीक वायर ही हुकमाची असते, ताकदीची नाही. तिच्यावर थेट १२ व्होल्ट किंवा जुना बल्बवाला टेस्ट लॅम्प लावला तर मागचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. टेस्ट लॅम्प गॅरेजच्या खिळ्याला टांगूनच राहू द्या.

येणारा-जाणारा बिघाड असेल तर बिघाडाच्या वेळी वायरीचे गठ्ठे हलवून बघा, मीटर लावून ठेवून. आणि उंदीर. उसाच्या रानाला लागून घर असेल तर तोडणीनंतर उंदीर आसरा शोधत अंगणात येतात, आणि गरम बोनेटसारखी ऊबदार जागा दुसरी नाही. इंजिनावरच्या वायरी, इन्सुलेशनची गादी, बॅटरीच्या पंख्याची नळी, सगळीकडे लेंड्या आणि कुरतडलेला कापूस शोधा. वायर चावलेली दिसली तर टेप गुंडाळून मोकळे होऊ नका. जोड द्या, सोल्डर करा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नारिंगी वायरीवर दाताची नुसती खूण दिसली तरी हात मागे.

टप्पा ६: झिरपणारी वीज

पी०एए६ आला तर तुमचं काम फक्त निरीक्षण. दोन गोष्टी लिहा. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच येतो का? एसी लावल्यावरच येतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर विचारा, एसीचा गॅस शेवटचा कुठे भरला. हायब्रिडचा कॉम्प्रेसर मोठ्या दाबाच्या विजेवर चालतो, म्हणून त्याला वीज न वाहू देणारं वेगळं तेल लागतं. नेहमीच्या गाडीचं तेल, किंवा तेच तेल भरलेल्या यंत्राच्या नळीतून आलेलं थोडंसं, आत मिसळलं की कॉम्प्रेसरमधून वीज बॉडीकडे झिरपू लागते. मग आख्खी एसी लाइन धुवावी लागते, कधी कॉम्प्रेसरही जातो. गॅस भरायच्या आधी "हायब्रिडचं वेगळं तेल आहे का?" एवढं विचारा. भरणारा हसला तर दुसरीकडे जा.

टप्पा ७: भरणं, हवा काढणं, घाटाची चाचणी

कूलंट भरल्यावर हवा काढणं हा टप्पा अर्धवट सोडला जातो, आणि दुरुस्त झालेली गाडी चार दिवसांत परत येते. इंजिनाच्या बाजूला हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. इन्व्हर्टरच्या बाजूला पंप चालू असताना थोडंथोडं भरत राहा. घळघळ थांबली, पातळी स्थिर झाली, तरच झाकण लावा. काही मॉडेलांत पंप फक्त स्कॅनरच्या हुकमावर सलग चालतो, तिथे घाई करू नका.

मग चाचणी. सपाट रस्त्यावरची चाचणी काही सांगत नाही. चार माणसं, एसी चालू, दुपारी साताऱ्याहून यवतेश्वर चढा, एकाने स्कॅनर धरून इंजिन आणि इन्व्हर्टरचे आकडे दर दोन मिनिटांनी मोठ्याने वाचायचे. वर पोचल्यावर पाच मिनिटं ‘रेडी’तच उभं राहा. चढताना वाऱ्याने झाकलेला पंख्याचा दोष उभ्या गाडीत बाहेर पडतो.

उतरताना एक आवाज ऐकू येईल आणि तुम्ही दचकाल. पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन ओरडतं आहे. मोठी बॅटरी उतारावर भरून जाते, तिच्यात आणखी वीज घालायला जागा राहत नाही, म्हणून टोयोटाच्या पद्धतीची गाडी इंजिन नुसतं फिरवून ब्रेकचं काम करून घेते. पसरणीच्या उतारात हे नेहमी होतं. हा बिघाड नाही.

घरी आल्यावर गाडी सावलीत लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, दोन्ही टाक्यांच्या पातळीवर मार्करने रेघ मारा आणि तारीख टाका. आठवड्याने पुन्हा गार असताना बघा. पातळी रेघेखाली बोटभर गेली असेल तर टप्पा ४ पुन्हा, या वेळी दाबाच्या पंपाने: झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच दाब द्या, पंधरा मिनिटं ठेवा, आणि जुबली क्लिपा, वॉटर पंपाचं तोंड, केबिनमधल्या हीटरखालची चटई, सगळीकडे बोट फिरवून ओल शोधा.